विश्लेषण : दुष्काळ मोजतात कसा? शिराळा यादीत आणि जत बाहेर, हे कसे घडते?

ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्यानंतर ऑक्टोबरअखेरीस राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सांगली जिल्ह्यातून शिराळा, मिरज, कडेगाव आणि खानापूर यांची नावे यादीत होती. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी म्हणून ओळखले जाणारे जत आणि आटपाडी मात्र नव्हते. साहजिकच संताप उसळला. ही चूक होती, राजकारण होते की मोजपट्टीचाच गुण?

पूर्वी दुष्काळ कसा ठरायचा?

राज्यात दीर्घकाळ पैसेवारीवर भिस्त होती. ब्रिटिश काळातली ही ‘आणेवारी’. गावात निवडक शेतांतील पीक कापून उतारा काढायचा, तो प्रमाण उत्पन्नाशी ताडायचा आणि ५० पैशांपेक्षा कमी भरला तर टंचाईग्रस्त गाव. पद्धत गावाला समजणारी होती. पण अंतिम आकडा येईपर्यंत हंगाम संपलेला असे आणि नजरअंदाजाला वाव असल्याने ‘पैसेवारी वाढवली’ हा आरोप दरवर्षीचाच होता.

आताचे निकष कोणते?

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने ‘कळ’ म्हणजेच ट्रिगरची पद्धत आणली. पहिली कळ पावसाची. यात सरासरीपासूनची तूट, प्रमाणित पर्जन्य निर्देशांक (एसपीआय) आणि पावसातील खंड पाहतात. तीन ते चार आठवडे सलग सरासरीच्या निम्म्याहून कमी पाऊस झाला तर तो खंड. ही कळ दाबली गेली तरच दुसरीकडे जायचे. तिथे परिणाम तपासतात : पीक पेरा, उपग्रहातून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा आणि धरणे, भूजल व नद्यांतील पाणी. शेवटी १० टक्के गावे निवडून प्रत्यक्ष शिवारात पडताळणी. त्यावरून दुष्काळ ‘गंभीर’ की ‘मध्यम’ हे ठरते. हा शब्दांचा खेळ नाही. २०१६ च्या संहितेनुसार केंद्रीय आपत्ती निधीचे दार ‘गंभीर’ ठरल्यावरच उघडते.

उपग्रहाला काय दिसते?

हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि अवरक्त किरण परावर्तित करते. या दोहोंतील फरकातून वनस्पती निर्देशांक (एनडीव्हीआय) निघतो. त्याच जागेच्या मागील वर्षांच्या नोंदींशी तो ताडला की पीक किती सुकले, याचा अंदाज येतो. यात कुणाची शिफारस चालत नाही, हा मोठा फायदा. पण उपग्रह हिरवेपणा पाहतो, दाणा नाही. उभ्या सोयाबीनला शेंगाच धरल्या नाहीत, तरी वरून शेत हिरवेच दिसू शकते. कालव्यावरचा ऊस तालुक्याचा आकडा वर ओढतो आणि शेजारची करपलेली बाजरी त्या सरासरीत झाकली जाते.

मग जत बाहेर का राहतो?

एसपीआय ही पद्धत १९९३ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडोच्या संशोधकांनी मांडली आणि जागतिक हवामान संघटनेने ती स्वीकारली. तिचे तत्त्व सोपे आहे : प्रत्येक जागेची तुलना तिच्या स्वतःच्या इतिहासाशी. त्यामुळे भरपूर पावसाच्या शिराळ्यात मोठी तूट आली तर ती ठळक दिसते. जतची सरासरीच मुळात तुटपुंजी. तिथे ‘सरासरीइतका’ पाऊस पडला, तरी विहिरीला पाणी येईलच असे नाही. म्हणजे निर्देशांक खोटे बोलत नाही. तो फक्त ‘यंदा नेहमीपेक्षा किती वाईट?’ या प्रश्नाचे उत्तर देतो. ‘इथे जगणे किती अवघड?’ हा प्रश्न त्याला विचारलेलाच नसतो. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की एका तालुक्याला दुष्काळ असूनही हिणवले जाते आणि दुसऱ्याला कायमचे वगळले गेल्याची भावना होते. कायम अवर्षणाला दरवर्षीच्या यादीचे नाही, सिंचन, चारा आणि पीकरचनेच्या दीर्घ योजनेचे उत्तर लागते.

तालुका हे एकक योग्य आहे का?

नाही, हे सरकारनेच अप्रत्यक्षपणे मान्य केले आहे. ४० तालुक्यांच्या यादीनंतर काही दिवसांतच १,०२१ महसुली मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर करावी लागली. निकष होता सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस. तिथे महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, परीक्षा शुल्कमाफी लागू झाली. २०१८ मध्येही १५१ तालुक्यांनंतर मंडळांची वेगळी यादी निघाली होती. सह्याद्रीलगतच्या तालुक्यात पश्चिमेला भात आणि पूर्वेला कुसळे असतात. एका मंडळातल्या वळिवाने दुसऱ्याचा खंड कागदावर मोडता कामा नये. मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे राज्यात उभी आहेत. तरीही मंडळ हे मागून जोडलेले शेपूट का असावे?

काय बदलायला हवे?

खरिपाचा निर्णय ऑक्टोबरच्या अखेरीस येतो. तोवर दुबार पेरणीचे कर्ज अंगावर चढलेले असते आणि दावणीची जनावरे बाजारात गेलेली असतात. अमेरिकेत १९९९ पासून दर आठवड्याला दुष्काळाचा नकाशा प्रसिद्ध होतो. ‘असाधारण कोरडे’ इथपासून पुढे पाच पायऱ्या त्यात असतात. दुष्काळ ‘जाहीर’ होण्याआधीच तो कसा सरकतो आहे, हे सर्वांना दिसते. आपल्याकडे पाऊस, ओलावा, पेरा आणि भूजलाच्या नोंदी वेगवेगळ्या खात्यांकडे आहेत. त्या एकत्र करून जूनपासून दर पंधरवड्याला मंडळनिहाय नकाशा ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि मोबाइलवर आला, तर दोन गोष्टी होतील. चारा आणि टँकरची तयारी आधी सुरू होईल आणि आपले गाव यादीत का नाही, याचे उत्तर शेतकऱ्याला मोर्चा न काढता मिळेल. पैसेवारीत दोष होते, पण ती गावासमोर निघत असे. नव्या मोजपट्टीला तेवढा उघडेपणा अजून कमवायचा आहे.