पाटे वाढले, पासिंग नाही

"दोन पाटे टाका न भाऊ, काही होत नाही."

आंबागडच्या चहाटपरीवर हे वाक्य मी गेल्या काही महिन्यांत इतक्यांदा ऐकलं आहे की आता चहाबरोबर तेही फुकट मिळतं असं समजायला हरकत नाही. म्हणणारे गृहस्थ आमच्या भागात गाड्यांचे जाणकार म्हणून ओळखले जातात. ही ओळख त्यांनी स्वतःच करून दिलेली आहे. नाव मी सांगत नाही. तुमसर तालुक्यात वाचणाऱ्याला ते कळेल, बाकीच्यांना कळून उपयोग नाही.

विषय असा. पिकअपच्या हौद्यात छोटं घर बसवायचं. झोपायला पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, दिवाबत्ती. महाशिवरात्रीला गायमुखला जा, चांदपूरच्या तलावाशी मुक्काम कर, पुढे पचमढीपर्यंत जा, लॉज शोधायची भानगड नाही. कल्पना त्यांचीही तीच, माझीही तीच. फरक एवढाच की त्यांना ते घर छोट्या हत्तीवर, म्हणजे टाटा एसवर, वेल्डिंगने कायमचं बसवायचं आहे आणि वजनाचा प्रश्न आला की मागच्या बाजूला दोन-दोन पाटे वाढवून तो मिटवायचा आहे.

त्यांची बाजू थोडक्यात मांडतो, म्हणजे अन्याय केला असं व्हायला नको. एक, गाडी वजन उचलते ती पाट्यांच्या जोरावर. दोन, पाटे वाढले की जोर वाढतो. तीन, पासिंग, म्हणजे कागदावर मान्य केलेलं वजन, हा सरकारी आकडा आहे, खरी ताकद त्याच्या दुप्पट असते. चार, अमेरिकेत सगळे हेच करतात. पाच, ज्याला हे पटत नाही तो भित्रा आहे. पाचव्या मुद्द्यावर मी काही बोलत नाही.

आधी साधी बेरीज करू. छोटा हत्ती 2005 साली बाजारात आला तेव्हापासून त्याचं वजनाचं माप 750 किलो हेच लोकांच्या तोंडी आहे. चाळीस किलोचा धानाचा कट्टा धरला तर हे झाले पावणेएकोणीस कट्टे. आता गृहस्थांचं घर. चौकोनी पाईपचा सांगाडा, कितीही हात आखडला तरी दीडशे किलो. बारा मिलिमीटरच्या प्लायच्या आठ बाय चारच्या बारा शीट, एक शीट साधारण तेवीस किलोची, म्हणजे पावणेतीनशे. बाहेरून एक मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा वीस चौरस मीटर, दीडशेच्या वर. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. पाणी कुणाला भीत नाही आणि वजनात सवलतही देत नाही. इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या एकशे दहा. भरलेलं घरगुती सिलिंडर तीस. गाद्या, शेगडी, भांडी, तांदूळ-डाळ साठ. झाले जवळजवळ 980 किलो. यात अजून माणूस चढलेला नाही. स्वतः गृहस्थ तर नाहीच नाही.

हा हिशेब मी टपरीवर मांडला तेव्हा ते म्हणाले, "आपण हंगामात त्याच गाडीत चाळीस कट्टे नेतो न जी, काय झालं?" खरं आहे, नेतात. कायद्याने नेऊ नयेत, पण नेतात. शेतातून राइस मिलपर्यंत, पाच-सात किलोमीटर, वीस-पंचवीसच्या वेगाने, रामनाम घेत. तिथे कट्टे उतरतात आणि गाडी मोकळी होते. धान उतरतं, वेल्डिंग केलेलं घर उतरत नाही. ते रात्री अंगणात उभ्या गाडीवरही बसलेलं असतं आणि जूनमध्ये गाडी वापरात नसतानाही. स्टीलला कायमच्या ओझ्याची सवय होत नाही, ते बसतं. मेकॅनिक 'पाटे बसले' म्हणतो ते हेच.

आता पाट्यांचा मुद्दा. यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण सगळं गैरसमजाचं झाड याच मुळावर उभं आहे.

पाटा म्हणजे स्प्रिंग. त्याचं काम खड्ड्याचा धक्का पोटात घेणं आणि चाक रस्त्याला टेकलेलं ठेवणं. ओझं दाबून किती खाली जायचं हे पाटा ठरवतो; ओझं गाडीला झेपेल की नाही हे तो ठरवत नाही. ओझं पाट्यातून हाउसिंगवर, म्हणजे मागच्या ॲक्सलच्या नळीवर, जातं, हाउसिंगमधून बेअरिंगवर, तिथून रिम आणि टायरवर, आणि थांबताना सगळं ब्रेकच्या अंगावर येतं. पाच पाट्यांचे सात केले तर मागचा भाग साधारण चाळीस टक्के ताठ होईल. हाउसिंगची नळी जाड होईल का? बेअरिंगची गोळी मोठी होईल का? ब्रेक ड्रम रुंद होईल का? लग्नात फेटा बांधला म्हणून माणसाची उंची वाढत नाही, फक्त फोटोत तशी दिसते. पाटे वाढवलेली गाडी तशीच. मागून उचललेली दिसते आणि मालकाला वाटतं ताकद आली.

उलट ताकद जाते, आणि ती नेमकी ब्रेकमधून जाते. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या लाइनवर एक व्हॉल्व्ह असतो. त्याची काडी हाउसिंगला जोडलेली असते. गाडी भरली की चेसिस खाली येते, काडी हलते, आणि व्हॉल्व्हला समजतं की मागे ओझं आहे, मागच्या चाकांना ब्रेकचा जास्त दाब द्यायचा. गाडी रिकामी असली की दाब कमी, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. आता तुम्ही दोन पाटे वाढवले. हजार किलो घालूनही चेसिस खाली येत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. म्हणजे मागे अख्खं घर आणि ब्रेक मात्र रिकाम्या गाडीचे! हे मी गृहस्थांना सांगितलं. ते म्हणाले, व्हॉल्व्हची काडी बांधून टाकायची. चहा माझ्या हातातच थंड झाला.

हे उसनं ज्ञान नाही. माझ्या जुन्या पिकअपला मीही एकदा पाटे टाकले होते. मेकॅनिक चांगला होता, सल्ला माझाच वाईट होता. भरलेली गाडी ऐटीत चालायची. रिकामी मात्र घोड्यासारखी उसळायची. हौद्यातली स्टेपनीसुद्धा नाचायची. एकदा गायमुखहून रिकामा परतत होतो. एका खड्ड्यात मागचं चाक उचलून आपटलं आणि एका बाजूचा सेंटर बोल्ट गेला. त्या बाजूचं हाउसिंग बोटभर सरकलं. गाडी घरी आली ती खेकड्यासारखी, तोंड एकीकडे, चाल दुसरीकडे. तेव्हापासून 'काही होत नाही' या शब्दांवरचा माझा विश्वास उडाला.

याच गृहस्थांशी माझा एक जुना वाद आहे, त्याची इथे आठवण होते. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवावं असा त्यांचा सिद्धान्त होता. आजकालच्या इंजिनात गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला तर इंधन बंदच होतं, न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागत राहतं, हे मी दोन उन्हाळे सांगत होतो. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी मान्य केलं, पण असं की जणू हे त्यांनीच मला शिकवलं होतं. न्यूट्रलचा शौक आणि हजार किलोचं घर एका उतारावर एकत्र आले तर काय होईल, हे वाचकांनीच पाहावं. तीसचा वेग साठ झाला की थांबवायची ऊर्जा चौपट लागते, एवढीच आठवण देतो.

अमेरिकेचा दाखला ते मोबाईलवर दाखवतात. तो मला मान्य आहे, फक्त पूर्ण पाहावा. तिकडे पिकअपना अजून 'अर्धा टन', 'एक टन' म्हणतात, पण ते आता नावापुरतं. खरा आकडा दाराच्या चौकटीवरच्या लेबलवर असतो आणि त्यात बसणारी माणसंही धरलेली असतात. तिकडेही मागे हवेचे फुगे बसवतात. आणि ते फुगे विकणारेच सांगतात की याने गाडीची वजनक्षमता वाढत नाही. विकणारा जे कबूल करतो ते घेणारा कबूल करत नाही, ही गंमत फक्त आपल्याकडची नाही. गंमतीची आणखी एक गोष्ट: आपल्याकडे बोलेरो कॅम्पर नावाची गाडी रस्तोरस्ती दिसते. तिच्यात माणसं बसतात, माल बसतो, झोपायची सोय मात्र कुणी शोधून दाखवावी.

कायद्याचं एका ओळीत: 2019 पासून जादा वजनाला वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनमानी बदल करू देत नाही. टायरचं अर्ध्या ओळीत: कडेवर लोड इंडेक्स 100 लिहिलं असेल तर एक टायर 800 किलोचा, पाटे कितीही असोत.

एकदा त्यांनी आंबागडच्या किल्ल्याकडे बोट दाखवलं. "गोंड राजा बख्त बुलंद शाहच्या काळात एवढे दगड वर चढवले, तेव्हा कोणतं पासिंग होतं?" पुढे तीनशे वर्षांचा इतिहास डोंगरावर उभा आणि समोर हा प्रश्न. भाऊ, जड ओढायचं तर आपल्याकडे बैलांची जोडी वाढवतात. एकाच बैलाच्या पाठीवर जाड पाट बांधून त्याला 'आता तू दोन बैल' असं कुणी म्हणत नाही.

बैलावरून खरी गोष्ट आठवली, आणि इथून माझी बाजू सुरू होते. बंडी भरताना आमचे आजोबा वजन मोजायच्या आधी तोल बघायचे. मागे जास्त झालं की बंडी उलाळ, जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झालं की बैलांचे खांदे जातात. पिकअपला जू नाही, पण पुढची चाकं आहेत. आठशे किलोच्या घराचा तोल मागच्या ॲक्सलच्या एक फूट मागे पडला आणि दोन ॲक्सलमध्ये दहा फूट अंतर असेल, तर मागच्यावर 880 येतात आणि पुढचं 80 किलो हलकं होतं. स्टीअरिंग हलकं लागतं, चालवणाऱ्याला मजा वाटते, आणि पावसात वळणावर पुढची चाकं घसरतात. पुढचे दिवे आभाळ दाखवतात आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातात. छोट्या हत्तीचा हौदा आखूड; त्यावर मोठं घर बसवलं तर ते मागे लोंबणारच.

मी काय करतो आहे ते सांगतो, फार नाही. 1.7 टन पासिंगची पिकअप घेतली. घर सगळ्या सामानासकट हजार किलोच्या आत ठेवायचं ठरवलं, म्हणजे वर भरपूर मोकळं राहतं. प्लायऐवजी शीतगाडीला लागतात ते पफ पॅनल. पाण्याची टाकी शंभर लिटरची, केबिनला लागून, तळाशी. बॅटरीही तिथेच. भिंती हौद्यात बुडलेल्या, छप्पर बसकं. उभं राहून स्वयंपाक करायचा तर फाळका पाडून बाहेर. अंगणात एक जाड पाईप आडवा ठेवून त्यावर घर पुढे-मागे सरकवलं; जिथे ते तोललं तिथे खडूने रेघ मारली. ती रेघ हौद्यात मागच्या ॲक्सलच्या पुढे यायला हवी. आली, चार इंच पुढे. जुने पाटे तसेच आहेत. भरल्यावर गाडी जरा खाली बसते, बसू दे. तिला तेच सांगितलेलं आहे.

आणि घर वेल्डिंगचं नाही. चारी कोपऱ्यांना जॅक आहेत. घरी आलो की घर चार पायांवर उभं राहतं, पिकअप खालून निघून जाते, पाट्यांना विश्रांती मिळते, आणि नोव्हेंबरात त्याच हौद्यात धान चढतं. याच्या पुढे माझ्याकडे मोठं शास्त्र नाही. राज्य सरकारने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आमच्यासारख्यांना जागा कितपत आहे हा वेगळा वाद. तो पुन्हा कधी.

गृहस्थांचं घर जवळजवळ तयार आहे, रंगही छान दिला आहे. म्हणून एक जाहीर विनंती करतो. तुमसरला धानाच्या काट्यावर या. आधी पूर्ण गाडी चढवू, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. पाण्याची टाकी भरून आणा आणि काकूंनाही घेऊन या, कारण त्याही त्या घरात राहणार आहेत. तिन्ही पावत्यांचे पैसे मी देईन.