दोन टॉवरांमधले अंतर

बंगळुरूच्या विमानतळावरून ७ जानेवारी २०२२ च्या सकाळी इंडिगोची दोन विमाने जवळजवळ एकाच वेळी उडाली. कोलकात्याचे दक्षिणेच्या धावपट्टीवरून, भुवनेश्वरचे उत्तरेच्या. चढता चढता दोन्ही एकमेकांकडे सरकू लागली. रडारसमोर बसलेल्या नियंत्रकाच्या ते ध्यानात आले, त्याने दोघांना वेगवेगळ्या दिशांना वळायला लावले आणि चारशेहून अधिक माणसे सुखरूप मुक्कामी पोहोचली.

समांतर धावपट्ट्यांवरून एकाच वेळी उड्डाणे होणे यात स्वतःत काही गैर नाही. मात्र उडताक्षणी दोघांच्या वाटा फाकल्या पाहिजेत; आंतरराष्ट्रीय नियमात त्यासाठी सर्वसाधारणपणे १५ अंशांची अट आहे. बंगळुरूत त्या सकाळी तशी काही योजनाच नव्हती, कारण दोन उड्डाणे एकदम होणार हेच कोणाला ठाऊक नव्हते. शिफ्टच्या प्रमुखाने ठरवले होते की आता एकच धावपट्टी वापरायची, उत्तरेची. ही गोष्ट दक्षिण टॉवरच्या नियंत्रकाला कोणी कळवली नाही. त्याने आपल्या विमानाला परवानगी दिली, उत्तरेच्या नियंत्रकाने आपल्या.

अशा वेळी पहिली हाक उठते ती ‘दोषी कोण?’ अशी. नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था असलेल्या डीजीसीएचे तेव्हाचे महासंचालक अरुणकुमार यांनीही कडक कारवाई करू, असे सांगितले. हा पक्ष अगदीच पोकळ नाही. शेकडो जीव ज्याच्या शब्दावर चालतात, त्याला हलगर्जीपणाची मोकळीक कोणी द्यावी? पण शिक्षा झाल्याने नेमके काय दुरुस्त होते, ते पाहा. आजचा प्रमुख गेला, उद्या त्या खुर्चीत दुसरा बसला. त्याचा निर्णय शेजारच्या टॉवरपर्यंत जाण्याची वाट मात्र तीच राहिली: कोणीतरी आठवणीने सांगायचे. माणूस बदलून विसरण्याची सोय काही बंद होत नाही.

याहून वाईट गोष्ट पुढची. ही घटना लॉगबुकात नोंदलेली नव्हती आणि विमानतळ प्राधिकरणाने ती कळवलीही नव्हती, असे डीजीसीएच्याच अधिकाऱ्यांनी सांगितले. ती का नोंदली नाही याची कारणे काहीही असोत; पण नोंद करणाऱ्याच्या पदरात कारवाईशिवाय काही पडणार नसेल, तर पुढची नोंद कोण करील? अमेरिकेत नासा १९७६ पासून वैमानिक आणि नियंत्रकांकडून गोपनीय कबुलीअहवाल घेते आणि नकळत झालेल्या चुकीसाठी कळवणाऱ्याला मर्यादित संरक्षण मिळते. जाणूनबुजून नियम मोडणाऱ्याला किंवा लपवाछपवी करणाऱ्याला ते लागू नाही, आणि नसावेच. चूक आणि लपवणूक यांना एकच दंड लावला की लपवणूकच स्वस्त पडते.

दुसरा पक्ष यंत्रावर भिस्त ठेवणाऱ्यांचा. विमानात टीसीएएस ही यंत्रणा आहे, टक्कर होण्याआधी ती ओरडेल, मग एवढी चिंता कशाला? १९९६ साली चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांच्या टकरीत ३४९ जणांचा बळी गेल्यानंतर आपल्याकडे अशी यंत्रणा सक्तीची झाली आणि तिने पुष्कळ जीव वाचवले असतील. पण जमिनीपासून सुमारे हजार फुटांपर्यंत ही यंत्रणा ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ असा आदेशच देत नाही, आणि नुकतीच उडालेली दोन विमाने जवळ येऊ लागतात ती बहुतेक त्याच पट्ट्यात किंवा त्याच्या जरा वर. बाजूला वळण्याचा सल्ला तर ती कुठल्याच उंचीवर देत नाही. बंगळुरूत जे कामी आले ते नेमके वळणे होते, आणि ते सांगणारा माणूस होता.

यंत्राच्या भरवशाची दुसरी बाजू १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीत, युबरलिंगेनवर दिसली. यंत्राने रशियन विमानाला वर जायला सांगितले, नियंत्रकाने खाली; वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले, दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली आणि ७१ माणसे मेली. झ्युरिकच्या केंद्रात तो नियंत्रक एकटाच दोन जागा सांभाळत होता. सहकारी विश्रांतीला गेलेला, मुख्य दूरध्वनी दुरुस्तीसाठी बंद. शेजारच्या कार्ल्सरुहे केंद्राला धोका दिसत होता, पण फोन लागेना. दोन वर्षांनी त्या नियंत्रकाचा खून झाला. अपघातात बायको आणि दोन मुले गमावलेल्या एका माणसाने तो केला. दोषी शोधण्याची घाई इथवर जाऊ शकते. स्विस न्यायालयाने २००७ मध्ये मात्र केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या चौघांना जबाबदार धरले. मला हा निवाडा जास्त शहाणा वाटतो.

मग करायचे काय? आपल्या रेल्वेने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हाती टोकन पडल्याशिवाय गाडी पुढे जात नसे, आणि पुढच्या स्टेशनमास्तरने आपल्या यंत्रावरून संमती दिल्याशिवाय मागच्याला ते टोकन बाहेरच काढता येत नसे. तिथे कोणाच्या आठवणीवर काही सोडलेले नव्हते. धावपट्टी बंद करण्याचा निर्णयही असाच हवा: दुसऱ्या टॉवरने पडद्यावर ‘कळले’ असे नोंदवून आपल्या धावपट्टीवर बंदची लाल खूण टाकेपर्यंत तो लागूच होऊ नये. वैमानिकाकडून प्रत्येक परवानगी परत म्हणवून घेणारे आपण, टॉवरने टॉवरला सांगितलेल्या गोष्टीबाबत एवढे ढिले का?

याने वाहतूक मंदावेल, असे म्हणणारे भेटतात. एका होकाराला लागतात काही सेकंद, आणि धावपट्टीची मांडणी काही मिनिटामिनिटाला बदलत नाही.

प्रश्न बंगळुरूपुरता असता तर एवढे लिहिले नसते. गोव्यात दाबोळीचे नियंत्रण नौदलाकडे आहे, मोपाचे नागरी यंत्रणेकडे. नवी मुंबईचे विमानतळ सुरू झाल्यापासून सांताक्रूझच्या आणि तिथल्या उड्डाणांना एकच आकाश वाटून घ्यावे लागते. इथे तर दोन टॉवर एका कुंपणातही नाहीत. दोघांपैकी एकाची धावपट्टी अचानक बदलली तर दुसऱ्याच्या उड्डाणाला कोणी, कोणाच्या होकारानंतर सोडायचे, याचे उत्तर दोन्ही टॉवरांत प्रत्येक शिफ्टच्या नियंत्रकाला न अडखळता देता येते का, हे डीजीसीएने एखाद्या सकाळी न कळवता जाऊन विचारावे.