कानसेनाच्या हाती गज

'तानसेन होता आले नाही तरी कानसेन व्हावे' हे वचन मराठी मध्यमवर्गाने इतक्या आवडीने जपले आहे की, त्यात मुळात एक सांत्वन दडलेले आहे याचा आपल्याला विसर पडला आहे. गणेशोत्सवातल्या मैफली, पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव, आकाशवाणीवरचे गायन, यांतून महाराष्ट्रात एक मोठा आणि जाणता श्रोतृवर्ग घडला हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र या जाणतेपणाची परीक्षा कधी होत नाही. समेवर मान हलली, योग्य जागी 'वाहवा' निघाली, की आपण उत्तीर्ण. प्रौढ वयात व्हायोलिन शिकायला बसणे ही आमच्या मते त्या न झालेल्या परीक्षेला बसण्याची सर्वांत सरळ रीत आहे. साहित्य शिकवणाऱ्यांनी व शिकणाऱ्यांनी तिच्याकडे जरा लक्षपूर्वक पाहावे, एवढ्यासाठी हे टिपण.

व्हायोलिनच का, याचे उत्तर त्याच्या काळ्या पट्टीत आहे. हार्मोनियमवर स्वर आधीच तयार असतो. पट्टी दाबली की तो निघतो, आणि तो हलका असेल तर दोष पेटी जुळवणाऱ्याचा. सतारीला पडदे असतात. व्हायोलिनच्या पट्टीवर काहीच नसते. पूर्ण आकाराच्या वाद्यात तारेची वाजणारी लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते. मोकळी तार षड्ज मानली तर शुद्ध ऋषभ त्या लांबीच्या नवव्या भागावर, म्हणजे साडेतीन सेंटिमीटरच्या थोडा पुढे सापडतो आणि कोमल ऋषभ दोन सेंटिमीटरच्या आसपास. दोहोंत अंतर जेमतेम दीड सेंटिमीटरचे. त्याच तारेवर वरच्या सप्तकात गेले की ते निम्म्यावर येते, आणि प्रौढ माणसाच्या बोटाचे टोक त्याहून रुंद असते! हा हिशेब डोळ्यांनी होत नाही. तो कानाने करावा लागतो, आणि तोही बोट तारेवर टेकण्यापूर्वी.

तोडीचा गंधार अतिकोमल असतो हे सांगणारे रसिक पुष्कळ भेटतात. तो गंधार या पट्टीवर नेमका कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा, असे म्हटले की संभाषणाचा सूर बदलतो. स्वर ओळखणे आणि स्वर मनात आधी ऐकून तो हाताने मागणे, या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिलीला आपण 'तयार कान' म्हणतो. दुसरीवाचून त्या तयारीचे माप निघत नाही.

गजाची गोष्ट आणखी निराळी. घोड्याच्या शेपटीचे केस, त्यांवर घासलेली राळ, आणि एकूण वजन सुमारे साठ ग्रॅम. केसांना तार चिकटते आणि सुटते, सेकंदाला शेकडो वेळा. या चिकटण्या-सुटण्यातून नाद होतो. दाब जास्त आणि चाल मंद झाली की खरखर, दाब कमी आणि चाल वेगाची झाली की पोकळ शीळ. लहान मूल गज ओढते तेव्हा तो नुसता ओढला जातो. प्रौढाच्या गजात मात्र त्याची प्रतिष्ठाही असते आणि ती बहुधा उजव्या अंगठ्यात येऊन बसते. आम्ही चाळिशी ओलांडल्यावर शिकू लागलो. आमच्या गुरू आमच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्या आम्हांला 'सर' म्हणतात, आम्ही त्यांना 'ताई' म्हणतो, आणि 'सर, अंगठा सोडा' हे वाक्य आठवड्यातून किमान दहा वेळा ऐकतो.

'हे शिकण्याचे वय आहे का?' हा प्रश्न अर्थातच विचारला जातो. त्यामागचा अनुभव खोटा नाही. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच व्हायोलिन मिळाले आणि त्यांतलेच अनेक वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांचा कणा झाले. पण या संदर्भात शिनिची सुझुकी यांचे उदाहरण आम्हांस मौजेचे वाटते. मूल मातृभाषा जशी शिकते तसेच वाद्य शिकू शकते, या विचारावर त्यांनी उभी केलेली पद्धत जगभर पसरली. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हाती इवलीशी व्हायोलिने दिसतात ती मुख्यतः त्यांच्यामुळे. १८९८ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी स्वतः मात्र हे वाद्य सतराव्या वर्षी हाती घेतले. वडिलांचा व्हायोलिनचा कारखाना होता, तरीही! मिशा एलमन यांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि मग ते स्वतःच्या हाताने शिकू लागले. आधी ऐकणे, मागाहून हात, असा हा क्रम आहे.

प्रौढाचा कान ही त्याची जमेची बाजू आहे, असे उत्तेजन देणारे लोक सांगतात. आम्ही म्हणतो, तीच त्याची पीडा आहे. आठ वर्षांच्या मुलाला आपला स्वर किती ढळला हे पुरते कळत नाही, म्हणून ते आनंदाने पुढे जाते. प्रौढाने मात्र एन. राजम यांचे गायकी अंगाचे वादन ऐकलेले असते, गजाननबुवा जोशी यांच्यासारख्या गायकाच्या हाती हे वाद्य कसे बोलते ते त्याला ठाऊक असते, आणि स्वतःच्या गजातून जे निघते तेही तो त्याच कानाने ऐकतो. बहुतेक प्रौढ वर्षभरात व्हायोलिन कपाटावर ठेवतात. बोटे ताठ असतात हे त्याचे खरे कारण नव्हे. तो कान सहन होत नाही.

यातून सुटण्याच्या वाटा हल्ली बऱ्याच निघाल्या आहेत. काळ्या पट्टीवर रंगीत चिकटपट्ट्या लावतात, म्हणजे बोट कुठे ठेवायचे ते दिसते. मोबाइलवर काटा हलतो आणि स्वर चढा की उतरलेला ते सांगतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरते हे ठीक. परंतु प्रौढाने या कुबड्या लवकर टाकाव्यात असे आमचे मत आहे. एक तर कानाचे काम डोळ्याकडे जाते. दुसरे असे की तो काटा सप्तकाचे बारा समान भाग करणाऱ्या मापाने चालतो. तानपुऱ्याशी एकजीव होणारा शुद्ध गंधार त्या मापापेक्षा थोडा खाली असतो, आणि यंत्र त्यालाच उतरलेला ठरवते. कोणावर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न येथे शिकाऊ माणसाला स्वतःच सोडवावा लागतो. ('मेंदूला व्यायाम' आणि 'ताणमुक्ती' म्हणून शिका, असे सांगणाऱ्यांविषयी आम्ही मौन पाळतो. गंधार लावताना ताण कमी झालेला मनुष्य आम्ही अद्याप पाहिलेला नाही.)

गांधीजींनी लंडनच्या विद्यार्थिदशेत तीन पौंडांचे व्हायोलिन घेतले होते, हे 'सत्याचे प्रयोग' वाचणाऱ्यांना आठवेल. इंग्रजी सभ्य गृहस्थ होण्याच्या खटाटोपाचा तो भाग होता. नृत्याच्या वर्गात पियानोचा ताल कळेना, म्हणून पाश्चात्त्य संगीताचा कान यावा यासाठी व्हायोलिन. काही महिन्यांतच त्यांनी शिक्षिकेला ते मिळेल त्या किमतीला विकून टाकण्याची विनंती केली. हा प्रसंग आपण हसून वाचतो. पण त्यातले कारण पाहा: कान हवा, म्हणून हाताने शिकावे. हेतू उसना होता, विचार मात्र पक्का होता. आपले 'कानसेन' वचन नेमका हाच मार्ग अनावश्यक ठरवते.

आता साहित्याकडे. शाळेपासून आपण 'रसग्रहण' लिहितो आणि पुढे तेच शिकवतो. कवितेची लय बिघडली, शब्द सैल पडला, असे निर्णय आपण रोज देतो. ते चुकीचे असतात असे नाही. तारेवर बोट ठेवण्याची वेळ आपल्यावर येत नाही, इतकेच. निर्मिती न करणाऱ्याने समीक्षा करू नये, हा जुना आक्षेप आम्हांस मान्य नाही. उत्तम श्रोता उत्तम वादक असलाच पाहिजे असे कोणी म्हणणार नाही. मात्र ज्याने एकदा चार ओळींचा प्रयत्न केला आहे, त्याच्या 'सैल' या शब्दाला वजन निराळे येते, विशेषणे आपोआप कमी होतात.

म्हणून या सत्रात आम्ही पदवीच्या वर्गाला भुजंगप्रयातातला एकच श्लोक रचून आणायला सांगितला. वृत्त मुद्दाम ओळखीचे निवडले. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, तेव्हा कान सगळ्यांचाच तयार. लघू, गुरू, गुरू, असे चार वेळा, एवढाच हिशेब. विषयाची अट नव्हती. आठवड्याने बहुतेकांच्या वह्यांत तीन ओळी होत्या, तिसरीत खाडाखोड अधिक. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, चौथी ओळ पुढच्या आठवड्यात दिली तर चालेल का?" चालेल म्हणालो. आमचा गंधारही त्याच सुमारास अपेक्षित आहे.