विश्लेषण : सियाचिनच्या जवानाचे बूट फायलीत का अडकतात?

रणगाडे, तोफा, लढाऊ विमाने यांच्या खरेदीवरून संसद डोक्यावर घेतली जाते. मोजे, बूट, गॉगल यांच्या खरेदीवर सहसा कोणी बोलत नाही. एप्रिल १९८४ मधील ‘ऑपरेशन मेघदूत’पासून भारतीय लष्कर सियाचिनवर आहे आणि तेथे गोळीपेक्षा हवामान व हिमस्खलनानेच अधिक जवान गमावले आहेत. पाकिस्तानबरोबर नोव्हेंबर २००३ मध्ये शस्त्रसंधी झाली. थंडीबरोबर ती कधीच झालेली नाही.

बूट आणि गॉगल एवढे महत्त्वाचे का?

उणे ५० अंशांपर्यंत उतरणाऱ्या तापमानात पायाला आलेला घाम बुटातच गोठू लागतो. रक्तपुरवठा मंदावतो, बोटे बधिर होतात. हिमदंश वाढला तर ती कापावी लागतात. दुसऱ्याने वापरलेल्या बुटाचे अस्तर दबलेले असते, शिवणी सैल झालेल्या असतात, त्यामुळे ऊब कमी मिळते. गॉगलचेही तसेच. उंचीवर अतिनील किरणे तीव्र असतात, त्यात बर्फावरून ती परावर्तित होतात. डोळे उघडे राहिले तर काही तासांत हिमांधत्व येऊ शकते. दिसत नसलेला जवान दोराने बांधलेल्या संपूर्ण तुकडीला धोक्यात घालतो.

‘कॅग’ने काय नोंदवले?

फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात महालेखापरीक्षकांनी बर्फाच्या गॉगलचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के असल्याचे म्हटले. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउपयोगी बूट मिळालेच नाहीत. जुनेच बूट दुरुस्त करून पुन्हा वापरावे लागले. मुखवटे, जॅकेट आणि झोपण्याच्या पिशव्या जुन्या बनावटीच्या घेतल्या गेल्या. देशी संशोधन मागे पडल्याने आयातीवरचे अवलंबित्व लांबले, हाही ठपका होता.

लष्कराचे म्हणणे काय?

तत्कालीन लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांनी हा अहवाल जुन्या काळातील असल्याचे सांगितले. सियाचिनला जाणाऱ्या प्रत्येक जवानाला सुमारे एक लाख रुपयांचे वैयक्तिक कपडे दिले जातात, असेही त्यांनी स्पष्ट केले. परिस्थिती सुधारली हे मान्य करावे लागेल. मात्र त्याच वर्षी पूर्व लडाखमध्ये चीनसमोर जादा फौज उभी करावी लागली, तेव्हा थंडीचे कपडे घाईघाईने अमेरिकेकडून घ्यावे लागले.

विलंब कुठे नडतो?

अचानक उद्भवलेल्या गरजेत धावपळ समजू शकते. सियाचिनची गरज अचानक नाही. किती जवान वर जाणार, बूट किती दिवसांत झिजणार, कोणत्या मापाचे किती लागणार, याचा चार दशकांचा हिशेब लष्कराकडे आहे. तरीही चाचण्या, निविदा, फेरनिविदा आणि मंजुऱ्यांची तीच फेरी प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू होत असेल, तर दोष बर्फाचा नाही. कपडे-बुटांसाठी अनेक वर्षांचे करार करणे आणि मापनिहाय राखीव साठा ठेवणे यासाठी नव्या तंत्रज्ञानाची गरज नाही.

लडाखमधील हिवाळ्याचा साठा जोझिला खिंड बर्फाने बंद होण्याआधी, उन्हाळ्यातच वर चढवावा लागतो. म्हणून दिल्लीतला दोन महिन्यांचा उशीर तेथे दोन महिन्यांचा राहत नाही. ट्रकची वेळ चुकली, तर त्या खोक्यांना विमानात जागा मिळण्याची किंवा पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहावी लागते.