कापसाच्या काट्याला शिक्का आहे, रक्ताच्या रिपोर्टला काय आहे?

कापूस विकायला नेला की आपला शेतकरी आधी काय बघतो? काटा. वैधमापन खात्याचा शिक्का आहे का, पडताळणीची मुदत उलटून गेलीय का. क्विंटलमागे दोन किलो मारले तर फर्दापूरपासून सोयगावपर्यंत बोंब होते, आणि व्हायलाच पाहिजे. तोच माणूस लॅबमध्ये बाही वर करून रक्त देतो, संध्याकाळी छापील कागद घेतो आणि त्यावरच्या आकड्यावर गोळी चालू-बंद होते. तो आकडा देणारं मशीन शेवटचं कधी तपासलं, हे त्याला कोणी सांगत नाही. कारण ते विचारणारा माणूस सरकारनं नेमलेलाच नाही.

महाराष्ट्रात आजही पॅथॉलॉजी लॅबच्या नोंदणीचा वेगळा कायदा नाही. शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा आहे, पण तो खाटा असलेल्या दवाखान्यांचा. लॅबमध्ये खाट नसते, त्यामुळे लॅब त्यातून सुटते. केंद्रानं २०१० मध्ये क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा केला, तो आपण स्वीकारला नाही. आपला स्वतःचा करू म्हणून २०१४ मध्ये मसुदा झाला, तो फायलीतच राहिला. गोव्यानं २०१९ मध्ये केला, गुजरातनं २०२१ मध्ये केला, कर्नाटकात तर २००७ पासून आहे. आपल्याकडे अधिवेशनात प्रश्न येतो, मंत्री 'लवकरच' म्हणतात, बातमी लागते. असल्या बातम्या मीही लावल्यात.

गंमत बघा. त्याच लॅबमधल्या वापरलेल्या सुईला नियम आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार सुई कुठल्या डब्यात टाकायची, रक्ताचा कापूस कुठल्या रंगाच्या पिशवीत, पिशवीवर बारकोड, सगळं ठरलेलं आहे. सोनोग्राफीचं मशीन १९९४ च्या कायद्याखाली नोंदवावं लागतं. कचऱ्याचा हिशेब आहे, रिपोर्टचा नाही.

सुप्रीम कोर्टानं १२ डिसेंबर २०१७ ला गुजरातच्या एका प्रकरणात सांगितलं की लॅबच्या रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच पाहिजे. निकाल चांगला. पण आपल्या भागात असा डॉक्टर आणायचा कुठून? मग सही भाड्यानं मिळते. डॉक्टर साहेब शंभर किलोमीटरवर, सही इथल्या कॉम्प्युटरमध्ये. एकच सही वेगवेगळ्या तालुक्यांतल्या लॅबच्या कागदांवर मी स्वतः पाहिलीय. एक माणूस एका सकाळी इतक्या ठिकाणी सूक्ष्मदर्शकात डोळा घालू शकतो का, हे तुम्हीच ठरवा.

आता कोणी म्हणेल, भाऊ, तुम्ही गरीब टेक्निशियनच्या पोटावर उठले. तसं नाही. डीएमएलटी केलेली पोरं सकाळी सात वाजता शटर उघडतात, म्हाताऱ्या माणसाचं रक्त घरी जाऊन घेतात. उद्या ही शटरं बंद झाली तर साध्या शुगरसाठी घाट चढून सिल्लोड नाहीतर जळगाव गाठावं लागेल. रोजंदारीच्या माणसाचा अख्खा दिवस जाईल. म्हणून 'सगळ्या बोगस लॅब बंद करा' ही आरोळी मला पटत नाही. बंद करणं सोपं आहे, तपासणं अवघड आहे, आणि मागणी तपासण्याची पाहिजे.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या काकूंनी एकाच दिवशी दोन ठिकाणी उपाशीपोटी शुगर केली. दोन आकड्यांत साठचा फरक. काकू म्हणे, "बाबू, खरी कोणती मानू?" मी ओळखीच्या डॉक्टरला विचारलं तेव्हा कळलं, की रक्त साध्या नळीत तसंच राहिलं तर त्यातल्या पेशी साखर खात राहतात आणि तासागणिक आकडा खाली येतो. म्हणून शुगरसाठी राखाडी झाकणाची नळी असते, तिच्यात फ्लोराइड असतं. आपल्याकडचे नमुने एसटीनं, काळी-पिवळीनं, मे महिन्याच्या उन्हात जातात. हलून-तापून रक्तपेशी फुटल्या तर पोटॅशियम जास्त दिसतं. मशीन कितीही भारी असो, नळी चुकली की रिपोर्ट चुकला. आणि ती विडाल! ताप आला की विडाल, विडाल आली की टायफॉईड, टायफॉईड म्हटलं की सलाईन. एकट्या विडालवर टायफॉईड ठरवता येत नाही, हे डॉक्टर लोकांना चांगलं माहीत आहे.

काही बोर्डांवर एनएबीएलचं चिन्ह दिसतं. ते चांगलंच, पण ऐच्छिक आहे. शिवाय ती मान्यता ठराविक पत्त्यावरच्या लॅबला आणि ठराविक तपासण्यांना असते. शहरातल्या मोठ्या लॅबला मान्यता आहे म्हणून तिचं नाव लावलेल्या गावातल्या गाळ्यात सगळं तसंच चालतं असं नाही. एनएबीएलच्या वेबसाइटवर लॅबचं नाव टाकून कुठल्या तपासण्यांना मान्यता आहे ते बघता येतं. दोन मिनिटं लागतात, बघत जा.

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक लॅबची जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे नोंदणी व्हावी. काम करणाऱ्याचं नाव आणि परावैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक भिंतीवर असावा. सही करणारा डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतो तेही लिहावं. आणि बाहेरची गुणवत्ता तपासणी सक्तीची करावी. वेल्लोरचं सीएमसी हे काम वर्षानुवर्षं करतंय. ते नमुना पाठवतात, लॅब तपासून आकडा कळवते, तो इतर लॅबच्या आकड्यांशी ताडून बघतात आणि कोण कुठे चुकतो ते कळतं. आपल्या काट्याची पडताळणी होते, तशीच ही मशीनची. खर्च छोट्या लॅबला झेपत नसेल तर सरकारनं अर्धा उचलावा, पण सूट देऊ नये.

सिल्लोड-सोयगावच्या आमदारांना आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला मी हे लेखी देणार आहे. सोबत एकच प्रश्न जोडतोय: सोयगाव तालुक्यात आज किती लॅब चालू आहेत, याची यादी तुमच्याकडे आहे का? उत्तर आलं की जसंच्या तसं इथं टाकतो. तुमच्या गावात किती आहेत ते तोपर्यंत खाली लिहा. लॅबचं नाव नको, फक्त गाव आणि आकडा.