लेकराचा ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही, तर थांबू नका!

अंबड, जून २०२१

अंबडकरहो,

सध्या पारापासून टीव्हीपर्यंत एकच बोलणं आहे : कोरोनाची तिसरी लाट येणार आणि ती लेकरांना धरणार. ती कधी येईल, लेकरांनाच धरेल का, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण एप्रिल-मेमध्ये घराघरांतून गेलेल्या दुसऱ्या लाटेचं एक देणं बाकी आहे आणि त्याची वसुली नेमकी याच आठवड्यांत होऊ शकते.

कोरोना होऊन गेल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांची प्रतिकारशक्तीच भडकते आणि हृदय, आतडी, रक्तवाहिन्या यांना सूज आणते. डॉक्टर याला एमआयएस-सी म्हणतात. एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी पहिला इशारा दिला. त्याच वर्षी मुंबईच्या वाडिया रुग्णालयातही अशी मुलं दाखल झाली. आजार विरळा आहे. कोरोना झालेल्या बहुतेक मुलांना पुढे काहीही होत नाही. पण ज्याला होतो त्याची तब्येत एक-दोन दिवसांत ढासळू शकते, आणि वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक मुलं बरी होतात. सगळा खेळ त्या एक-दोन दिवसांचा आहे.

फसगत इथेच होते. आजी खोकत होती, बापाच्या तोंडाची चव गेली होती, पोरगं मात्र अंगणात खेळत होतं. त्यालाही लागण झाली होती हे कोणाला कळलंच नाही. त्यात चाचणी नको म्हणून ‘टायफॉईड आहे’ सांगत किती जणांनी सलाईन लावून घेतली, ते आपलं आपल्यालाच माहीत! आता मुलाची आरटीपीसीआर केली तर बऱ्याचदा निगेटिव्ह येते. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. घरात कोणाला, कोणत्या महिन्यात ताप येऊन गेला, हे डॉक्टरांना खरं सांगा. त्यावरूनच त्यांना सीआरपी, अँटीबॉडी, टू-डी इको या तपासण्या सुचतील.

ताप तीन दिवस हटत नाही आणि सोबत पोट दुखतंय, उलट्या-जुलाब आहेत, डोळे लाल पण चिपडं नाहीत, अंगावर पुरळ, ओठ-जीभ लालभडक, हातपाय सुजलेले, यातलं काहीही दिसलं तर उपजिल्हा रुग्णालय किंवा बालरोगतज्ज्ञ गाठा. पोट तर कधी इतकं दुखतं की अपेंडिक्स वाटावं. मूल गळून गेलं, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली, धाप लागली, तर तीन दिवसही मोजू नका. १०८ ला फोन लावा. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे चालेल. स्टेरॉईड किंवा ॲस्पिरिन स्वतःच्या मनानं मात्र मुळीच नको. तीच औषधं या आजारात डॉक्टर वापरतात, पण मोजून-मापून.

गावातल्या डॉक्टरांना हात जोडून विनंती : तिसऱ्या दिवशीही ताप असलेलं मूल सलाईनवर अडकवून ठेवू नका, चिठ्ठी देऊन पुढे पाठवा. डेंग्यू, टायफॉईडचाही हाच मोसम आहे, त्यामुळे गोंधळ होणारच. आशाताई, अंगणवाडीताई, ज्या घरात गेल्या दोन महिन्यांत कोरोना होऊन गेला तिथल्या मुलांची चौकशी कराच. शहागड, वडीगोद्री, गोंदीकडच्या जीपवाल्यांनो, अशा लेकरासाठी रात्री-अपरात्री नाही म्हणू नका.

शासनाकडे एक मागणी. एमआयएस-सीवरचं इम्युनोग्लोब्युलिन हे इंजेक्शन मुलाच्या वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम लागतं. १५ किलोच्या लेकराला ३० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या सहा बाटल्या, आणि एकेक बाटली हजारो रुपयांची. पेरणीच्या तोंडावर एवढे पैसे कुठून आणायचे? आरोग्यमंत्री राजेश टोपे आपल्याच जिल्ह्याचे आहेत. हा साठा जालन्याच्या सरकारी रुग्णालयात आजच असावा, मूल दाखल झाल्यावर शोधाशोध नको.

आणि बरं होऊन घरी आलेल्या मुलाच्या पालकांनो, हृदयाची सूज वरून दिसत नाही. टू-डी इकोची पुढची तारीख दिली असेल, तर त्या दिवशी तिफण उभी राहिली तरी चालेल, पण जालन्याला जाऊन या.