जाणाऱ्याला काय म्हणावे?

घर सोडून जाणारा माणूस एकच असतो, पण त्याला नावे अनेक मिळतात. ती नावे कोण ठेवतो याला फार महत्त्व आहे. चेक भाषेकडे पाहिले की हे स्पष्ट कळते, कारण या लहान देशाला आपली माणसे पुन्हा पुन्हा गमवावी लागली.

१६२० मध्ये प्रागजवळच्या लढाईत प्रोटेस्टंटांचा पराभव झाला. पुढे कॅथलिक व्हायला नकार देणाऱ्यांना देश सोडावा लागला. त्यांना चेक भाषेत ‘एक्सुलांत’ म्हणतात. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असलेला कोमेनियस त्यांच्यापैकीच एक. १६२८ मध्ये तो गेला आणि परदेशातच वारला. या शब्दात श्रद्धेसाठी सोसल्याचा मान आहे. एकोणिसाव्या शतकात पोटासाठी शिकागो, नेब्रास्का, टेक्सासला गेलेले शेतकरी आणि कामगार मात्र ‘विस्त्येहोवालेत्स’, म्हणजे बिऱ्हाड हलवून बाहेर गेलेले. या शब्दात मानही नाही आणि अपमानही नाही.

१९४८ मध्ये कम्युनिस्ट सत्ता आली आणि ‘एमिग्रांत’ या शब्दाचे वजन बदलले. परवानगीशिवाय देश सोडणे हा गुन्हा ठरला. गेलेल्या माणसाला त्याच्या गैरहजेरीत शिक्षा होई, मालमत्ताही जप्त होई. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे आल्यावर हजारो लोक बाहेर पडले. सरकारी वृत्तपत्रांत ‘एमिग्रांत’ म्हणजे जवळपास गद्दार. लेखक मिलान कुंदेरा १९७५ मध्ये फ्रान्सला गेले आणि १९७९ मध्ये सरकारने त्यांचे नागरिकत्वच काढून घेतले.

अनुवादक फसतो तो इथे. इंग्रजीत ‘एमिग्रंट’ हा तसाच दिसणारा शब्द आहे, पण त्याचा साधा अर्थ दुसऱ्या देशात कायमचा राहायला गेलेला. म्हणजे तो ‘विस्त्येहोवालेत्स’च्या जवळचा. १९६८ च्या ‘एमिग्रांत’ला इंग्रजीत नुसते ‘एमिग्रंट’ म्हटले तर खटला, जप्ती आणि बंद झालेली परतीची वाट हे सगळे पुसले जाते. तिथे ‘एक्झाइल’ किंवा ‘एमिग्रे’ हवे. उलट टेक्सासच्या शेतकऱ्याला चेक भाषेत ‘एमिग्रांत’ म्हटले, तर तो राजकारणामुळे पळालेला वाटू लागतो.

आपल्यालाही हा अनुभव नवा नाही. हिजरतचे भाषांतर जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘फ्लाइट’, म्हणजे पलायन, असे केलेले आढळते. ज्या प्रस्थानापासून आपण वर्षे मोजतो, ते एका शब्दाने पळून जाणे ठरते. हिजरतमध्ये विचारपूर्वक नाते तोडून निघणे आहे. ‘पलायन’ ही मागे राहिलेल्या विरोधकांची नजर झाली.

आता अलीकडचे पाहा. चेक भाषेत निर्वासिताला ‘उप्रख्लीक’ म्हणतात, म्हणजे जीव वाचवून निसटलेला. २०१५ मध्ये युरोपीय संघाने सीरिया आणि इतर देशांतून आलेल्या निर्वासितांची वाटणी ठरवली. चेक प्रजासत्ताकाने घेतले अवघे १२. तेव्हा राजकीय भाषणांत ‘मिग्रांत’ हा शब्द पुढे होता, बऱ्याचदा ‘बेकायदा’ या विशेषणासह. २०२२ मध्ये युक्रेनमधून लाखो लोक आले, तेव्हा ‘उप्रख्लीक’ म्हणायला जीभ अडखळली नाही. युक्रेनच्या लोकांना दिलेल्या आसऱ्याचे कौतुकच केले पाहिजे. पण अलेप्पोवर पडलेले बॉम्बही बॉम्बच होते. ज्या देशाच्या माणसांना दोन पिढ्यांपूर्वी परक्या दारांनी आसरा दिला, त्याला हा फरक कळायला हवा होता.

म्हणून माझे मत असे की अशा शब्दांच्या भाषांतरात शब्दकोश नंतर उघडावा. आधी तीन गोष्टी विचाराव्यात: तो का गेला, त्याला परत येता आले असते का, आणि हे नाव त्याला कोणी दिले. मराठी बातमी लिहिणाऱ्यासमोरही रोज स्थलांतरित, निर्वासित, परागंदा आणि घुसखोर हे शब्द असतात. त्यांतला एक उचलणे म्हणजे त्या माणसाची बाजू ऐकण्याआधीच निकाल देणे ठरू शकते. निदान बाजू ऐकून तरी शब्द निवडावा.